‘कळलं तर कळवतो’ हे इंग्रजीत कसं म्हणावं?



गळीत हंगाम सुरू झाला की गट ऑफिसात आपला हेलपाटा ठरलेला. ऊस तुटायला आलेला असतो, नोंदीची तारीख उलटून गेलेली असते आणि टोळीचा पत्ता नसतो. आपण विचारतो, “टोळी कधी?” स्लिपबॉय पुढ्यातल्या कागदावरून नजर न उचलता उत्तर देतो. ते उत्तर दोन तऱ्हेचं असतं. एक, “टोळी आली की कळवतो.” दुसरं, “टोळी आली तर कळवतो.”

दोन्हींत फरक एवढाच, एकात ‘की’ आणि दुसऱ्यात ‘तर’. पण आपल्यातला शाळेची पायरी न चढलेला म्हातारासुद्धा या दोन उत्तरांवर दोन वेगळी कामं करतो. ‘की’ ऐकलं तर घरी जाऊन पाणी तोडतो, कारण तोडीआधी दहा-पंधरा दिवस पाणी बंद ठेवायचं असतं. वाढ्यांसाठी कोण येणार तेही ठरवून टाकतो. ‘तर’ ऐकलं तर पाण्याची पाळी चुकवत नाही, आणि दुसऱ्या दिवशी संचालकाच्या दारात जाऊन बसतो. टोळी येणार हे नक्की आहे, फक्त वेळ ठरायची आहे, असं ‘की’ सांगतं. टोळी येईल किंवा येणारही नाही, असं ‘तर’ सांगतं. हे आपल्याला कुणी शिकवलेलं नाही, ते आईच्या दुधाबरोबर आलेलं आहे.

आता आपण म्हणाल, कारखान्याच्या पत्रिकेत हे व्याकरण कशाला? ऊस लागणीवर लिहा, हुमणीवर लिहा. तर त्याला कारण घडलं ते कळंबोलीला.

कळंबोली आपल्याला परकी नाही. पुण्याहून द्रुतगती मार्गानं मुंबईकडे निघालं की तो रस्ता जिथं संपतो ती कळंबोली. हा मार्ग २००२ साली पुरा झाला. त्याआधी जुन्या रस्त्यानं जाणाऱ्यालाही पनवेल-कळंबोलीवरूनच मुंबईत शिरावं लागे. मुंबईतला लोखंडाचा व्यापार शहराबाहेर नेण्यासाठी सिडकोनं इथं लोखंड-पोलाद बाजार वसवला. पलीकडे उरण तालुक्यात जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ साली सुरू झालं. तेव्हापासून ट्रेलर, कंटेनर आणि ट्रान्सपोर्टची ऑफिसं यांचा तिथं सुकाळ आहे. परदेशी जाणारी साखरेची पोती कंटेनरात भरून याच बंदरातून बोटीवर चढतात. आणि माणसं कोण? निम्मी आपलीच. कुणाचा मुलगा माथाडीत आहे, कुणाचा भाचा ड्रायव्हर, कुणाची सून बँकेत. संध्याकाळी तिथल्या सेक्टरात फिरलं तर “काय म्हणतंय गाव?” असा घाटावरचा आवाज दर दहा पावलांवर कानावर येतो.

माझा पुतण्या तिथं एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात बुकिंगला आहे. मी हायस्कूलला इंग्रजी शिकवून निवृत्त झालेला. गेल्या वर्षी डोळे दाखवायला म्हणून चार दिवस त्याच्याकडे राहिलो होतो. एका सकाळी पोरगं तोंड पाडून बसलेलं. विचारलं तर म्हणाला, “तात्या, तुमच्या इंग्रजीनं घात केला.”

झालं होतं असं. बाजारातल्या एका व्यापाऱ्याला कोल्हापूरकडे लोखंडी अँगल पाठवायचे होते. त्यानं दुपारी व्हॉट्सअ‍ॅपवर इंग्रजीत विचारलं, आज रात्री ट्रेलर मिळेल का? ऑफिसचा एक ट्रेलर बंदरावर माल उतरवायला उभा होता. तो वेळेत मोकळा झाला असता तर देता आला असता, पण बंदरावरची रांग कुणाच्या हातात असते? पोराला म्हणायचं होतं, “ट्रेलर मोकळा झाला तर कळवतो.” त्यानं लिहिलं, “व्हेन द ट्रेलर विल बी फ्री, आय इन्फॉर्म यू.”

व्यापाऱ्यानं ते वाचलं आणि समजला, ट्रेलर येणार, फक्त वेळ कळायची आहे. त्यानं दुसरी गाडी पाहिली नाही. सहा माथाडी थांबवून ठेवले, क्रेनवाल्याला सांगून ठेवलं. ट्रेलर पहाटे मोकळा झाला. रात्रभराची खोटी झाली, थांबवलेल्या माणसांची मजुरी अंगावर पडली, आणि सकाळी फोनवर शिव्या. “तुम्हीच लिहिलंत ना, व्हेन म्हणून?”

मी पोराला विचारलं, “अरे, पण तुला ‘तर’ म्हणायचं होतं, मग ‘व्हेन’ का लिहिलंस? ‘इफ’ का नाही?”

म्हणाला, “तात्या, ‘इफ’ म्हटलं की आपण टाळतोय असं वाटतं. गिऱ्हाईक जातं.”

हे मला पटलं नाही, पण समजलं. असं आपल्या सगळ्यांच्याच मनात असतं. मराठीत ‘तर’ म्हणताना आपली जीभ अडखळत नाही, पण इंग्रजीत शिरलो की उगाच नम्र व्हावंसं वाटतं आणि त्या नम्रतेत खोटा शब्द दिला जातो. इंग्रज माणसाला ‘इफ’मध्ये काहीही उद्धट वाटत नाही. ‘इफ’ म्हणजे आपला ‘तर’, आणि ‘व्हेन’ म्हणजे आपला ‘की’. जर्मन लोक या दोन्हींचं काम बहुधा ‘वेन’ या एकाच शब्दावर भागवतात असं म्हणतात, आणि त्यांचं चालतंही. आपल्याकडे आणि इंग्रजांकडे मात्र दोन वेगळी नाणी आहेत, एकाच्या जागी दुसरं दिलं की हिशेब चुकतोच.

त्या चार दिवसांत रोज संध्याकाळी पोराचा फोन हातात घेऊन त्याचे जुने निरोप मी वाचले. त्याचे आणि त्याच्या ऑफिसातल्या आणखी दोन पोरांचे. तिघंही मराठी शाळेत शिकलेले. आणि माझ्या ध्यानात आलं की तिघांची चूक एकच आहे, आणि शाळेत मी स्वतः कित्येक वर्षं ती लाल शाईनं खोडत आलो, पण ती का होते हे एकाही वर्गाला नीट सांगितलं नव्हतं.

चूक अशी. “इफ आय विल गेट एनी न्यूज, आय टेल यू.”

यात इंग्रजी शब्द एकही चुकीचा नाही. पण ‘विल’ जिथं नको तिथं बसला आहे, आणि जिथं हवा तिथून गायब आहे. बैल गाडीच्या मागं आणि माणसं जुवाला, असा प्रकार. नीट वाक्य असं: “इफ आय गेट एनी न्यूज, आय विल टेल यू.”

पोरं विचारतात, बातमी तर उद्या यायची आहे, म्हणजे भविष्यकाळ झाला, मग ‘विल’ का नको? प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र इंग्रजीच्या पुस्तकात शोधायला नको, आपल्याच तोंडात आहे.

आपण शिवारात काय म्हणतो? “पाऊस आला तर पेरू.” पाऊस आलेला आहे का? नाही. यायचा आहे. मग ‘आला’ कसं म्हणतो? ‘आला’ हा तर भूतकाळ! “पाऊस येईल तर पेरू” असं आपल्या गावात कुणी म्हणत नाही, म्हटलं तर लोक त्याच्याकडे वळून बघतील. “भाव वाढला तर बरं होईल.” “पोरगं पास झालं तर पेढे वाटीन.” “कळलं तर सांगतो.” वाढला, झालं, कळलं, सगळी रूपं झालेल्या गोष्टीची आणि गोष्टी सगळ्या उद्याच्या. अट सांगताना मराठी माणूस भविष्यकाळाला हात लावत नाही. ती गोष्ट झाली असं क्षणभर धरून चालतो आणि मग पुढचं बोलतो.

इंग्रज तेच करतो. फक्त तो ‘झालं’ असं न धरता ‘होतं आहे’ असं धरतो, म्हणून तिथं वर्तमानकाळ येतो. ‘इफ इट रेन्स.’ ‘इफ द प्राइस गोज अप.’ ‘इफ आय हिअर एनीथिंग.’ आपण भूतकाळाचं रूप घेतो, तो वर्तमानाचं घेतो. भविष्याचं रूप दोघंही टाळतात. तेव्हा ‘इफ’च्या मागं ‘विल’ लावायचा मोह झाला की मनात म्हणून पाहावं, “पाऊस येईल तर पेरू.” कानाला खटकलं ना? तिथला ‘ईल’ जसा खटकतो, तसाच इंग्रजाला तिथला ‘विल’ खटकतो.

आता वाक्याचा दुसरा भाग. इथं मात्र आपली मराठी आपल्याला फसवते. “कळलं तर सांगतो.” सांगतो, कळवतो, येतो, देतो. वचन देताना आपण वर्तमानकाळच वापरतो. पाहुणा निघताना “येतो” म्हणतो आणि जातो! हे रूप आपल्याकडे ‘सांगीन’पेक्षा जवळचं आणि जास्त भरवशाचं वाटतं. “पैसे देईन” यापेक्षा “पैसे देतो” यावर सोसायटीचा सचिव जास्त विश्वास ठेवतो, खरं की नाही? म्हणून पोरं इंग्रजीतही ‘आय टेल यू’, ‘आय इन्फॉर्म यू’ असं लिहितात. पण इंग्रजीत वचन ‘विल’शिवाय होत नाही. ‘आय टेल यू’ म्हणजे ‘मी तुला सांगत असतो’ किंवा ‘अरे, तुला सांगतो काय’ अशी काहीतरी भाषा होते, तो शब्द दिलेला नसतो. ‘आय विल टेल यू’ म्हटलं की शब्द दिला.

म्हणजे पोरांच्या वाक्यातला ‘विल’ हरवलेला नव्हता, त्याची जागा तेवढी चुकली होती. पहिल्या भागातून उचलून दुसऱ्या भागात ठेवला की काम झालं.

‘जर’ आणि ‘तर’ यांचीही गंमत पाहा. आपण ‘जर’ कितीदा म्हणतो? भाषणात म्हणतो, कायद्याच्या कागदात लिहितो. बोलताना तो गळतो, आणि काही बिघडत नाही. ‘तर’ मात्र गळून चालत नाही. “पाऊस आला, पेरू” याला अर्थच वेगळा. इंग्रजीत बरोबर उलटं आहे. तिथं ‘इफ’ म्हणजे ‘जर’ लागतोच आणि ‘देन’ म्हणजे ‘तर’ बहुधा गळतो. आपली माणसं प्रत्येक वाक्यात इमानदारीनं ‘देन’ घालतात, ‘इफ आय हिअर एनीथिंग, देन आय विल टेल यू.’ हे चूक नाही, पण साध्या निरोपात वकिली थाटाचं वाटतं. ‘देन’च्या जागी स्वल्पविराम दिला की पुरे.

मग हा ‘इफ’मागचा ‘विल’ आला तरी कुठून? मराठीच्या ‘तर’नं तो आणला नाही, हे वर पाहिलं. मला त्याची तीन मुळं दिसतात. एक म्हणजे आपलंच दुसरं वाक्य, “जेव्हा कळेल तेव्हा सांगेन.” इथं ‘जेव्हा’च्या मागं आपण सरळ भविष्यकाळ वापरतो. त्याचं शब्दाला शब्द केलं की “व्हेन आय विल नो, आय विल टेल यू” तयार होतं. इंग्रजीत ‘व्हेन’च्या मागंही ‘विल’ चालत नाही. ‘व्हेन आय नो’, ‘अ‍ॅज सून अ‍ॅज आय नो’, ‘आफ्टर आय नो’, सगळीकडे साधं रूप. दुसरं मूळ म्हणजे हिंदी. कळंबोलीच्या बाजारात पंजाबचा ड्रायव्हर, उत्तर प्रदेशचा क्लीनर, राजस्थानचा व्यापारी, सगळ्यांची मिळून भाषा हिंदी. आणि हिंदीत “पता चलेगा तो बताऊँगा” हे अगदी सहज चालतं. दिवसभर ते ऐकून पोरांचा ‘तर’सुद्धा हिंदी वळणाचा होतो.

तिसरं मूळ आमचं, मास्तरांचं. आम्ही इंग्रजी शिकलो भाषांतरानं. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घराघरांतल्या ट्रंकेत असायची. पुस्तक फार उपयोगी, मी त्यावरच वाढलो. पण त्या पद्धतीचा आळशी वापर असा झाला की ‘ईल’ दिसला की ‘विल’, ‘ला’ दिसला की भूतकाळ, असं आम्ही पोरांना घोटवलं. आणि या हिशेबानं “पाऊस आला तर” याचं भाषांतर “इफ इट रेन्ड” व्हायला हवं! तेही चूक. मग मास्तर म्हणणार, इथं पाऊस पुढं यायचाय, म्हणून ‘विल’. असं करत करत आम्ही पोरांच्या कानातला चांगला शाबूत ‘तर’ मोडून टाकला. २००० सालापासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं. निर्णय बराच होता. पण पहिलीपासून शिकवूनही ‘इफ’चा ‘विल’ काही गेलेला दिसत नाही.

एक अपवाद सांगितल्याशिवाय हे पुरं होत नाही, नाहीतर कुणी तरुण सभासद उद्या मला पत्र घालील. ‘इफ’ आणि ‘विल’ शेजारी बसलेले चांगल्या इंग्रजीतही दिसतात. “आय डोन्ट नो इफ द ट्रेलर विल कम.” हे शुद्ध आहे. कसं? याचं मराठी करून बघा: “ट्रेलर येईल की नाही, ठाऊक नाही.” इथं ‘इफ’ म्हणजे ‘तर’ नव्हे, ‘की नाही’. आणि ‘की नाही’ म्हणताना आपणही ‘येईल’ असंच म्हणतो! म्हणजे इथंसुद्धा मराठी कान बरोबर सांगतो. मनात ‘तर’ आला तर ‘विल’ नको, ‘की नाही’ आलं तर ‘विल’ चालेल. “लेट मी नो इफ यू विल नीड टू ट्रक्स”, म्हणजे दोन गाड्या लागतील की नाही ते कळवा. बरोबर. “इफ यू नीड टू ट्रक्स, लेट मी नो”, म्हणजे दोन लागल्या तर कळवा. हेही बरोबर. पहिल्याला उत्तर द्यावंच लागतं, हो किंवा नाही. दुसऱ्याला लागल्या तरच उत्तर. धंद्यात हा फरक लहान नाही.

आता ‘कळवतो’ या शब्दाकडे येऊ. इथं मला आपल्याच कारखान्यांच्या आणि सरकारी कचेऱ्यांच्या पत्रव्यवहाराबद्दल थोडं वाकडं बोलायचं आहे. आपल्याकडे इंग्रजी पत्र लिहिताना ‘कळवणे’ याला ‘इंटिमेट’ हा शब्द फार आवडता. “वुई शॅल इंटिमेट यू इन ड्यू कोर्स.” साहेबाच्या काळातल्या फायलींतून तो उतरला आणि पिढ्यान् पिढ्या हेडक्लार्कनी जपला. चूक नाही. पण तोच शब्द विशेषण म्हणून इंग्रज ‘अगदी जिव्हाळ्याचा’, ‘जवळकीचा’ अशा अर्थानं वापरतो. ट्रेलरच्या निरोपात तो कशाला? ‘इन्फॉर्म’ बरा, पण तोही पोलीस पाटलाच्या तोंडचा. आणि अलीकडे ‘रिव्हर्ट’ आलंय, “आय विल रिव्हर्ट.” भारतातल्या ऑफिसांत याचा अर्थ ‘उत्तर देतो’ असा रूढ आहे. पण मूळ अर्थ ‘पूर्वस्थितीला जाणे’ असा असल्यानं परदेशातला साधा माणूस गोंधळतो. खातं ‘रिव्हर्ट’ होतं, जमीन मूळ मालकाकडे ‘रिव्हर्ट’ होते, माणूस कसा होणार?

इंग्रज बोलताना म्हणतो, “आय विल लेट यू नो.” बस्स. शब्दशः ‘तुला कळू देईन’. ऐकायला साधं, लिहायला साधं, साहेबाला चालतं आणि ड्रायव्हरलाही. “इफ आय हिअर एनीथिंग, आय विल लेट यू नो.” ‘काही कळलं तर कळवतो’ याचं याहून नेमकं इंग्रजी मला माहीत नाही. आपल्या वाक्यात दोनदा ‘कळ’ येतो, त्यांच्या वाक्यात आधी ऐकणं आणि मग कळवणं. ‘न्यूज’ घालायचा असेल तर ‘इफ देअर इज एनी न्यूज’ म्हणावं. ‘अ न्यूज’ म्हणू नये, कारण इंग्रजीत बातमी मोजत नाहीत, पाण्यासारखी ती एकगठ्ठा असते.

आणि एक ‘बघतो’ आहे. “बघतो, सांगतो.” हे वचन नव्हे हे आपल्याला ठाऊक आहे. कर्जाच्या अर्जावर कुणी “बघतो” म्हटलं की आपण दुसरी सोय बघायला लागतो. याचं भाषांतर ‘आय विल सी अँड टेल’ करू नये, परका माणूस ते वचन समजेल. “आय विल सी व्हॉट आय कॅन डू” म्हणावं. त्यात जेवढं आहे तेवढंच पोचतं.

‘पर्यंत’ हा शब्द मात्र सगळ्यांत जास्त माणसं बुडवतो. “सहापर्यंत कळवतो.” पोरं लिहितात, “आय विल इन्फॉर्म यू टिल सिक्स.” याचा अर्थ होतो, सहा वाजेपर्यंत मी तुम्हाला एकसारखा कळवतच राहीन! मराठीत ‘पर्यंत’ दोन्ही कामं करतो. “सहापर्यंत थांबतो” म्हणजे तोवर थांबून राहतो, “सहापर्यंत कळवतो” म्हणजे सहाच्या आत एकदा. इंग्रजीत थांबण्याला ‘टिल’, आत उरकण्याला ‘बाय’. “आय विल वेट टिल सिक्स.” “आय विल लेट यू नो बाय सिक्स.” पुतण्याच्या फोनात हा ‘टिल’ सतरा ठिकाणी सापडला, मी मोजले.

तसंच ‘अनलेस’चं. “मी बोलावल्याशिवाय येऊ नका.” यात नकार एकच, ‘येऊ नका’. इंग्रजीतही एकच, “डोन्ट कम अनलेस आय कॉल.” पण ‘शिवाय’मधलं ‘नाही’ पोरांना टोचत राहतं आणि ते “अनलेस आय डोन्ट कॉल” लिहितात. मग अर्थ उलटतो, मी बोलावलं तर येऊ नका! खात्री नसेल तर ‘अनलेस’च्या वाटेला जाऊ नये. “इफ आय डोन्ट कॉल, डोन्ट कम” म्हणावं.

राहता राहिलं ‘असतं तर’. “कळलं असतं तर सांगितलं असतं.” शाळेत याला संकेतार्थ म्हणत, मोरो केशव दामल्यांच्या १९११ सालच्या व्याकरणात अशा रूपांची सविस्तर चर्चा आहे. आपण दोन्हीकडे ‘असतं’ लावतो, म्हणून पोरं दोन्हीकडे ‘वुड हॅव’ लावतात, “इफ आय वुड हॅव नोन, आय वुड हॅव टोल्ड यू.” अमेरिकेत बोलताना पुष्कळ जण असंच म्हणतात, तेव्हा पोरांना फासावर द्यायला नको. पण लिहिताना पहिल्या भागात ‘हॅड’ ठेवावा: “इफ आय हॅड नोन, आय वुड हॅव टोल्ड यू.” हे होऊन गेलेल्या गोष्टीचं. आणि आत्ताचं वेगळं. सभासद विचारतो, “साहेब, अंतिम भाव किती निघणार?” साहेब म्हणतात, “माहीत असतं तर सांगितलं नसतं का?” म्हणजे आत्ता माहीत नाही. याचं इंग्रजी, “इफ आय न्यू, आय वुड टेल यू.” मराठीत गेलेली वेळ आणि आत्ताची वेळ एकाच ‘असतं’वर भागते, इंग्रजीत दोन वेगळी वाक्यं लागतात. (साहेबांना खरंच माहीत नसतं का, हा विषय वार्षिक सभेचा आहे.)

हे सगळं पोराला मी एका बैठकीत सांगितलं नाही, सांगून उपयोगही नव्हता. रात्री जेवण झालं की गॅलरीत बसायचं, खाली सर्व्हिस रोडला ट्रेलर लागलेले असायचे, आणि मी एक मराठी वाक्य टाकायचं. “बोट लागली तर?” तो म्हणायचा, “इफ द शिप अराइव्ज.” “बोट लागली की?” “व्हेन द शिप अराइव्ज.” “बोट लागेल की नाही कोण जाणे?” इथं तो पहिल्या दिवशी अडला, दुसऱ्या दिवशी नाही. सूनबाई आतून म्हणाली, “मामंजी, डोळे दाखवायला आलाय की पोरांची परीक्षा घ्यायला?”

निघायच्या आदल्या दिवशी तोच व्यापारी, तसाच सवाल. पुन्हा ट्रेलर बंदरावर, पुन्हा रांग. पोरानं फोन माझ्यापुढं धरला नाही, स्वतःच लिहिलं आणि पाठवून मग दाखवलं.

“द ट्रेलर इज स्टिल अ‍ॅट द पोर्ट. इफ इट कम्स बॅक टुनाइट, आय विल लेट यू नो बाय एट. इफ यू डोन्ट हिअर फ्रॉम मी बाय एट, प्लीज बुक अनदर व्हेइकल.”

ट्रेलर अजून बंदरावर आहे. रात्री परत आला तर आठच्या आत कळवतो. आठपर्यंत माझा निरोप आला नाही तर दुसरी गाडी बघा.

दोन ‘इफ’, आणि ‘विल’ एकच, तोही जागच्या जागी. मी म्हटलं, “आता गिऱ्हाईक जाणार म्हणतोस?” तेवढ्यात उत्तर आलं. व्यापाऱ्यानं लिहिलं होतं, “ओके. गुड. आय विल कीप अनदर रेडी.” ट्रेलर काही त्या रात्री आला नाही. आठ वाजून पाच मिनिटांनी व्यापाऱ्याची दुसरी गाडी भरायला लागली, आणि माथाडी दहाच्या आत घरी गेले.